पदवीधर स्त्रियांच्या स्थानिक संघटनेचा इतिहास कसा लिहावा?

प्रश्न : स्मरणिका

नमस्कार.

विद्यापीठीय पदवीधर स्त्रियांच्या आमच्या स्थानिक संघटनेची स्मरणिका निघणार असून तिच्यातील इतिहासाचे प्रकरण लिहिण्याचे काम कार्यकारिणीने माझ्याकडे सोपवले आहे. साधनांची वानवा नाही. सभांची इतिवृत्ते, वार्षिक अहवाल, वर्गणीच्या वह्या, नियमावलीच्या वेगवेगळ्या काळातील छापील प्रती आणि पत्रव्यवहाराचे काही गठ्ठे एवढे सगळे कपाटात जपून ठेवलेले आहे. अडचण निराळी आहे. अशा संस्थांच्या ज्या स्मरणिका मी आजवर चाळल्या, त्यांतील इतिहास म्हणजे अध्यक्षांची यादी, प्रमुख पाहुण्यांची यादी आणि मधोमध ‘संस्थेने अनेक चढउतार पाहिले’ असे एक वाक्य. कोणते चढ आणि कोणते उतार, याचा पत्ता कोठेच लागत नाही. तेच पुन्हा लिहायचे असेल, तर जुन्या स्मरणिकेला नवे मुखपृष्ठ लावले तरी काम भागेल.

मला प्रथम हे समजून घ्यायचे आहे, की स्त्रियांची इतर मंडळे असताना केवळ पदवीधर स्त्रियांना वेगळी संघटना काढण्याची गरज का भासली. एखाद्या गावातील संघटनेचा जगभरच्या चळवळीशी नेमका कसा संबंध असे, हाही प्रश्न आहे. आणि इतिवृत्तांतील भाषा इतकी कोरडी आहे, की ‘साधकबाधक चर्चा होऊन ठराव एकमताने संमत झाला’ या वाक्यामागे काय घडले असेल, ते कळत नाही. ही इतिवृत्ते वाचण्याची काही रीत असेल, तर जाणकारांनी अवश्य सांगावी.

उत्तर : जुने दप्तर

आपल्या सर्व शंकांची वाट मला एकाच कागदाकडे जाताना दिसते, आणि तो कागद म्हणजे नियमावलीतील सभासदत्वाचे कलम. अध्यक्ष बदलल्याने अशा संस्था फारशा बदलत नाहीत. सभासद कोणाला होता येईल, हे बदलले की मात्र त्या मुळापासून बदलतात. नियमावलीच्या निरनिराळ्या प्रती आपल्याकडे आहेत, हे मोठेच भाग्य. त्या शेजारी शेजारी ठेवून आधी तेवढे एक कलम वाचावे आणि जेथे जेथे फरक दिसेल, त्याच्या अगोदरच्या दोन-तीन वर्षांची इतिवृत्ते मग उघडावीत.

वेगळी संघटना का, याचे उत्तर चळवळीच्या आरंभातच आहे. नोव्हेंबर १८८१ मध्ये बॉस्टन येथे आठ महाविद्यालयांच्या १७ पदवीधर स्त्रिया एकत्र जमल्या. ही बैठक बोलावणाऱ्यांत रसायनशास्त्रज्ञ एलन स्वॅलो रिचर्ड्स आणि तरुण पदवीधर मॅरियन टॅलबट या प्रमुख होत्या. पदवी हाती आली, पुढे काय, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. शिक्षिकेच्या नोकरीपलीकडे वाटा जवळजवळ बंद होत्या, आणि ज्या शहरात राहायचे तेथे आपल्यासारखे शिकलेले दुसरे कोणी भेटेलच असे नव्हते. जानेवारी १८८२ मध्ये ‘असोसिएशन ऑफ कॉलेजिएट ॲलम्नी’ रीतसर स्थापन झाली. १८८३ मध्ये शिकागोकडे तशीच एक पश्चिमेकडील संस्था निघाली आणि १८८९ मध्ये ती मूळ संस्थेत मिसळली. दक्षिणेकडील राज्यांतील स्त्रियांनी १९०३ मध्ये आपली संस्था काढली होती. १९२१ मध्ये तीही सामील होऊन आजची ‘अमेरिकन असोसिएशन ऑफ युनिव्हर्सिटी विमेन’ उभी राहिली.

या संस्थेने आरंभीच हाती घेतलेले एक काम मला फार बोलके वाटते. एडवर्ड क्लार्क नावाच्या डॉक्टरांनी १८७३ मध्ये असे प्रतिपादन केले होते, की तारुण्यात मुलांप्रमाणे कठोर अभ्यास केल्यास मुलींचे शरीर, विशेषतः त्यांची प्रजननक्षमता, खालावते. डॉक्टरांचेच म्हणणे, तेव्हा घरोघरी त्याचा आधार घेतला जाऊ लागला. संघटनेने त्यावर निषेधाची सभा घेतली नाही. तिने पदवीधर स्त्रियांना त्यांच्या प्रकृतीविषयी तपशीलवार प्रश्नावली पाठवली. ७०५ स्त्रियांनी उत्तरे दिली. मॅसॅच्युसेट्सच्या कामगार सांख्यिकी कार्यालयाने १८८५ मध्ये ती आकडेवारी प्रसिद्ध केली, आणि तीनचतुर्थांशांहून अधिक जणींनी आपली प्रकृती चांगली असल्याचे नोंदवले असल्याचे दिसून आले. आजच्या संशोधनाच्या कसोटीवर त्या पाहणीत उणिवा काढता येतील, कारण प्रकृतीचा निवाडा उत्तर देणारीनेच करायचा होता. तरीही मताला मोजणीने उत्तर देण्याची ही वृत्ती इतर मंडळांहून वेगळी होती, आणि ती केवळ मध्यवर्ती कार्यालयात राहिली नाही. बॉस्टनच्याच काही सभासदांनी घरांतील सांडपाणी, हवा आणि स्वच्छता यांचा अभ्यासगट चालवला आणि १८८७ मध्ये गृहिणींसाठी त्या विषयावरचे पुस्तक काढले. आपल्या संघटनेच्या कपाटात एखादी जुनी पाहणी, भरलेली प्रश्नपत्रके किंवा अभ्यासगटाची टिपणे सापडली, तर ती अध्यक्षांच्या छायाचित्रांपेक्षा मोलाची समजावीत.

आता कलमाविषयी. केवळ पदवी असून भागत नसे. ती संस्थेने मान्य केलेल्या महाविद्यालयाची असावी लागे. यामुळे एकीकडे महाविद्यालयांवर दबाव आणता आला. मान्यता हवी असेल, तर अध्यापकवर्गात स्त्रिया किती, त्यांचे वेतन आणि दर्जा काय, विद्यार्थिनींच्या सोयी कशा, हे विचारता येऊ लागले. दक्षिणेकडील संस्थेच्या एलिझाबेथ एव्हरी कोल्टन यांनी तर स्वतःला महाविद्यालय म्हणवणाऱ्या मुलींच्या अनेक संस्थांची तपासणी करून, त्यांतील बहुतेक प्रत्यक्षात शाळेच्याच पातळीच्या आहेत, हे निर्भीडपणे मांडले. दुसरीकडे याच यादीने असंख्य पदवीधर स्त्रियांना दाराबाहेर ठेवले. गरीब, लहान किंवा कृष्णवर्णीयांसाठीच्या महाविद्यालयांतून शिकलेल्यांना याची झळ सर्वाधिक बसली. दर्जा राखणे आणि दार बंद करणे ही दोन्ही कामे एकाच कलमाने केली.

स्मरणिका

मनःपूर्वक आभार. आपण सांगितल्याप्रमाणे नियमावलीच्या प्रती शेजारी ठेवून पाहिल्या. सर्वांत जुन्या प्रतीत ‘मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी किंवा तत्सम अर्हता’ असे आहे, तर नंतरच्या प्रतीत ‘तत्सम अर्हता’ हा भाग गाळलेला आहे. ही सवलत मुळात कोणासाठी असावी? पदवीधरांच्या संघटनेने पदवी नसलेल्यांसाठी जागा ठेवावी, हे जरा चमत्कारिक वाटले.

उत्तर : जुने दप्तर

चमत्कारिक व्यवस्था संघटनांची नव्हती, विद्यापीठांची होती. केंब्रिजने १८८१ मध्ये स्त्रियांना पदवीच्या परीक्षेला बसण्याची रीतसर मुभा दिली, निकालात त्यांची नावेही लावली. पूर्ण पदवी मात्र १९४८ मध्ये दिली. ऑक्सफर्डमध्ये हे १९२० मध्ये झाले. म्हणजे पुरुषांच्या बरोबरीने, कधी त्यांच्याही वर क्रमांक मिळवून उत्तीर्ण झालेल्या स्त्रीकडे पदवी म्हणून दाखवायला कागद नसे. १९०४ ते १९०७ या काळात डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजने अशा स्त्रियांना आपली पदवी देण्याची तयारी दाखवली, तेव्हा सुमारे सातशे जणी समुद्र ओलांडून तेथे गेल्या आणि पदवी घेऊन परतल्या. लोकांनी त्यांचे नाव ‘स्टीमबोट लेडीज’ असे पाडले. थट्टेचे नाव, पण त्यांतील कित्येक पुढे नावाजलेल्या मुख्याध्यापिका झाल्या.

ब्रिटनमधील पदवीधर स्त्रियांचा महासंघ १९०७ मध्ये मँचेस्टर येथे निघाला, तो या पार्श्वभूमीवर. तेथे पदवीचा आग्रह अक्षरशः धरला असता, तर देशातील सर्वांत विद्वान स्त्रियाच बाहेर राहिल्या असत्या. याच काळात कोलकाता विद्यापीठातून कादंबिनी गांगुली आणि चंद्रमुखी बसू १८८३ मध्येच पदवीधर झालेल्या होत्या, हेही जाता जाता लक्षात घ्यावे; जुनी विद्यापीठे सर्वच बाबतींत पुढे होती, असे नाही. आपल्या संघटनेने ‘तत्सम अर्हता’ कोणत्या वर्षी गाळली ते पाहावे, आणि त्या वेळी कोणती पदविका किंवा कोणता अभ्यासक्रम वादात होता, याचा शोध पत्रव्यवहारात घ्यावा. कोणा एका अर्जावरून हे घडले असण्याचा संभव दाट आहे.

उत्तर : जमाखर्च

वरील विवेचन उत्तम आहे, परंतु मी स्वतः अनेक वर्षे संस्थांचे हिशेब तपासले असल्याने माझा कल ताळेबंदाकडे आहे. ठरावात संस्था आपल्या इच्छा सांगते. पैसा कोठे गेला, ते जमाखर्चात दिसते.

या संघटनांचा खरा कणा अभ्यासवृत्ती हा होता. अमेरिकेतील पश्चिमेकडच्या संस्थेने १८८८ मध्ये पहिली अभ्यासवृत्ती दिली, ती आयडा स्ट्रीट यांना. तेव्हापासून ही प्रथा इतकी रुजली, की स्थानिक शाखेचे वर्षभराचे कार्यक्रम, जुन्या पुस्तकांची विक्री, नाट्यप्रयोग, व्याख्यानमाला, हे सारे बहुतांशी त्या निधीसाठी चालत. आपल्या जमाखर्चात ‘मध्यवर्ती निधीस पाठविले’ अशी नोंद असेल, तर जगाशी संबंध कसा होता या आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तेथेच आहे. लहान गावातील सभासदेने दिलेली वर्गणी दूरच्या एखाद्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या अनोळखी स्त्रीपर्यंत पोहोचत असे. १९२१ मध्ये मारी क्यूरी यांना एक ग्रॅम रेडियम भेट देण्यासाठी अमेरिकेतील स्त्रियांनी जो निधी उभारला, त्यात पदवीधर स्त्रियांचाही वाटा होता.

पदवीधर स्त्रियांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची स्थापना १९१९ मधील. १९१८ मध्ये ब्रिटनचे एक शैक्षणिक शिष्टमंडळ अमेरिकेत गेले होते, त्यात लंडनच्या कॅरोलाइन स्पर्जन आणि बर्मिंगहॅमच्या रोझ सिजविक या दोन प्राध्यापिका होत्या. न्यूयॉर्कमध्ये बर्नार्ड कॉलेजच्या अधिष्ठाता व्हर्जिनिया गिल्डरस्लीव्ह यांच्याशी त्यांची गाठ पडली आणि महायुद्धानंतर देशोदेशींच्या विदुषींनी एकमेकींना ओळखावे, या विचारातून महासंघाची कल्पना पुढे आली. सिजविक त्याच वर्षाच्या डिसेंबरात तेथेच इन्फ्लुएन्झाच्या साथीत वारल्या. पहिली परिषद १९२० मध्ये लंडनला झाली आणि स्पर्जन पहिल्या अध्यक्ष झाल्या. ओळखी वाढवायच्या तर उतरायला जागा हवी, म्हणून ब्रिटिश महासंघाने चेल्सीतील क्रॉस्बी हॉल या जुन्या वास्तूच्या आवारात वसतिगृह उभारले. ते १९२७ मध्ये सुरू झाले. १९३३ नंतर नाझी राजवटीने विद्यापीठांतून हाकललेल्या स्त्री-संशोधकांना याच जाळ्याचा आधार मिळाला. कोणाला राहण्याची जागा, कोणाला थोडीफार रक्कम, कोणाला ओळखपत्र. सौजन्यभेटींसाठी उभारलेली यंत्रणा निर्वासितांच्या कामी येईल, असे तिच्या हिशेबात कोणी धरले नव्हते.

वास्तूंचा शेवटही पाहावा. क्रॉस्बी हॉल १९८० च्या दशकाअखेर खासगी मालकीकडे गेला. अनेक ठिकाणी इमारत गेल्यावर संस्था संपते, पण ब्रिटनमधील संस्थेचे काम त्यानंतर अनुदानांच्या रूपाने चालू राहिले. आपल्या संघटनेची खोली, वाचनालय किंवा वसतिगृह कधी होते आणि का सुटले, याचा एक स्वतंत्र परिच्छेद अवश्य असावा.

आणखी एक लहानशी, पण उपयोगी खूण सांगतो. इतिवृत्तांच्या शिरोभागी सभेची वेळ लिहिलेली असते. ती नुसती उतरवून काढावी. ब्रिटनमध्ये विवाहानंतर शिक्षिकांना नोकरी सोडायला लावणारा निर्बंध १९४४ च्या कायद्याने उठला, सरकारी सेवेतील १९४६ मध्ये. असा निर्बंध असेपर्यंत सभासदांपैकी विवाहित स्त्रिया बहुधा घरी असत, त्यामुळे सभा दुपारी भरू शकत. वेळ दुपारवरून संध्याकाळवर आणि मग रविवारवर सरकत गेलेली दिसली, तर सभासद नोकरदार कधी झाल्या, हे वेगळे विचारावे लागत नाही.

उत्तर : काठावरचा

‘जुने दप्तर’ यांच्या मुख्य मुद्द्याला माझी हरकत आहे. सभासदत्वाचे कलम कधी कधी काहीच सांगत नाही, आणि नेमके तेव्हाच सर्वांत गंभीर गोष्ट घडत असते.

अमेरिकेतील कृष्णवर्णीय कार्यकर्त्या मेरी चर्च टेरेल यांचे उदाहरण पाहावे. त्या १८८४ मध्ये ओबर्लिन कॉलेजमधून पदवीधर झाल्या, पुढे त्यांनी पदव्युत्तर पदवीही घेतली, शिक्षणक्षेत्रात आणि कृष्णवर्णीय स्त्रियांच्या चळवळीत त्यांनी आयुष्य वेचले. पदवीधर स्त्रियांच्या संघटनेच्या त्या पूर्वी सभासदही होत्या. १९४६ मध्ये त्यांनी वॉशिंग्टन शाखेकडे पुन्हा सभासदत्वासाठी अर्ज केला आणि शाखेने तो नाकारला. राष्ट्रीय नियमावलीत वर्णाचा उल्लेखही नव्हता. तेथे होती ती फक्त पदवीची अट, जी टेरेल यांनी साठ वर्षांपूर्वीच पुरी केली होती. राष्ट्रीय मंडळाने शाखेला समज दिली, तेव्हा शाखा न्यायालयात गेली, आणि न्यायालयाने निकाल शाखेच्या बाजूने दिला : प्रचलित नियमांप्रमाणे आपले सभासद निवडण्याबाबत शाखेवर सक्ती करता येत नाही. त्यानंतर १९४९ च्या अधिवेशनात राष्ट्रीय संस्थेने मोठ्या बहुमताने नियम दुरुस्त केला आणि मान्य संस्थेची पदवी हीच सभासदत्वाची एकमेव अट राहील, असे ठरवले. वॉशिंग्टन शाखेतील नाराज सभासदांनी बाहेर पडून आपला निराळा क्लब काढला. टेरेल तेव्हा ८५ वर्षांच्या होत्या.

१९४६ ची नियमावली एवढीच वाचणाऱ्याला या सगळ्याचा सुगावाही लागणार नाही. म्हणून माझे म्हणणे असे, की कलमाइतकेच लक्ष अर्ज, शिफारसपत्रे आणि ‘सूचक’ व ‘अनुमोदक’ यांच्या नावांकडे द्यावे. सभासद होण्यासाठी दोन जुन्या सभासदांची शिफारस लागत असेल, तर ओळखीच्या वर्तुळाबाहेरील पदवीधर स्त्री, मग ती धर्माने, जातीने, वर्णाने किंवा केवळ पैशाने वेगळी असो, आत येऊच शकत नाही, आणि तरीही नियमावली निर्मळ दिसते. एकमताने संमत झालेले ठराव मला म्हणूनच संशयास्पद वाटतात. मतभेद करणारी सभेला आलीच नसेल, तर एकमत होणारच. हजेरीच्या सह्या ताडून पाहाव्यात.

जर्मनीत याच्या उलट झाले. तेथील पदवीधर स्त्रियांच्या संघटनेने १९३३ नंतर ज्यू सभासदांना उघडपणे वगळले आणि काही वर्षांत ती आंतरराष्ट्रीय महासंघातून बाहेर पडली. तेथे सारे कागदोपत्री झाले. दोन्ही तऱ्हा जमेस धरल्या, तरच स्थानिक इतिहास प्रामाणिक होईल.

उत्तर : जुने दप्तर

‘काठावरचा’ यांचे उदाहरण समर्पक आहे, पण टेरेल यांच्या प्रकरणाचा शेवट कलमातच झाला, हेही विसरू नये. शाखेचे स्वातंत्र्य संपले ते कलम दुरुस्त झाल्यावरच. अर्ज आणि कलम एकत्र वाचावे, असे म्हणू या.

हे कलम पुढेही बदलत राहिले. अमेरिकेतील संस्थेने १९८७ मध्ये पुरुषांना सभासदत्व खुले केले. आंतरराष्ट्रीय महासंघ २०१५ पासून ‘ग्रॅज्युएट विमेन इंटरनॅशनल’ या नावाने काम करतो. पदवीधर स्त्री ही जेथे दुर्मीळ राहिली नाही, तेथे पदवी हे एकत्र येण्याचे पुरेसे कारण उरत नाही. स्थानिक शाखांची गळती मी याच्याशी जोडते. आपल्या प्रकरणात शेवटच्या काळाविषयी केवळ ‘तरुण पिढीची उदासीनता’ असे लिहून मोकळे होऊ नये. तरुण पदवीधरांना व्यावसायिक संघटना, माजी विद्यार्थी मंडळे आणि इतर व्यासपीठे उपलब्ध झाली, हे अधिक खरे कारण आहे.

स्मरणिका

सर्वांची ऋणी आहे. एक नाजूक प्रश्न उरतो. गठ्ठ्यांत नाकारलेले काही अर्ज नावांसकट आहेत आणि एका पत्रात नकाराचे कारणही स्पष्ट लिहिले आहे. अर्जदार आणि शिफारस नाकारणाऱ्या सभासद, दोघींचेही कुटुंबीय आज हयात असू शकतात. हे छापावे काय?

उत्तर : काठावरचा

घटना छापावी, नावे छापू नयेत. वर्ष, अर्जदाराची पदवी, नकाराचे कारण आणि त्या वेळच्या कलमाचे शब्द एवढे दिले, की वाचकाला सर्व समजते. कारण लिहिलेले वाक्य मात्र सौम्य न करता जसेच्या तसे उद्धृत करावे. लिहायला घेण्यापूर्वी कार्यकारिणीकडून असा लेखी ठराव करून घ्यावा, की मजकुरातील तपशील गाळण्याचा अधिकार केवळ खासगी नावांपुरता राहील. नाही तर छपाईच्या आदल्या दिवशी तेवढेच पान काढून टाकण्याची सूचना येते. मूळ कागद परत कपाटात न ठेवता एखाद्या ग्रंथालयाच्या किंवा विद्यापीठाच्या अभिलेखागारात, ठरावीक वर्षे खुले न करण्याच्या अटीवर, सुपूर्द करावेत, आणि परिशिष्टात सभासदत्वाच्या कलमाची सर्व रूपे वर्षांसह एकाखाली एक छापावीत.